सिंह आत आला म्हण

मशीन काळं होतं, शिलाई मशीनपेक्षा थोडं मोठं, आणि त्याला दोन नळ्या होत्या. हनुवटी एका पट्टीवर टेकवायची, कपाळ दुसऱ्या पट्टीला लावायचं आणि दोन नळ्यांना दोन डोळे लावून आत बघायचं. डाव्या नळीत पिंजऱ्याचं चित्र, उजव्या नळीत सिंहाचं. हातातली दांडी हळूहळू सरकवून सिंह पिंजऱ्यात घालायचा. दोन्ही डोळे मिळून काम करत असतील तर सिंह आत जातो. एक डोळा कामचुकार असेल तर दोन्ही चित्रं जवळ आली की त्यातलं एक गायब होतं. हे सगळं मला बारकीमुळे कळलं. बारकी म्हणजे माझी धाकटी बहीण. ती तेव्हा सहा वर्षांची होती आणि मी चौदा.

माझ्या ऑफिसातल्या एका बाईच्या मुलावर हल्ली पुण्यात असेच उपचार चालू आहेत. त्याच्या डोक्यावर जाडजूड चष्म्यासारखा डबा चढवतात, आत एक आभासी जग असतं, पोरगं त्यात फुगे फोडतं, विमानं उडवतं आणि तेवढ्या वेळात आळशी डोळा कामाला लागतो. त्या बाई मला मोबाइलवर त्याची प्रगती दाखवत होत्या. म्हणाल्या, त्या डब्याला आतून मुलाची नजर कुठं आहे ते कळतं, त्यामुळे मूल तोंडानं काय सांगतं यावर काहीच अवलंबून नसतं. मी 'अरे वा' म्हणाले आणि जेवणाचा डबा उचलून दुसऱ्या टेबलावर गेले. आमचं मशीन तोंडी उत्तरावर चालायचं.

वडवणीत आमचं भांड्यांचं दुकान होतं. पुढं दुकानात आण्णा, म्हणजे वडील, आणि गादीवर आप्पा, म्हणजे आजोबा. मागच्या खोल्यांत आई आणि आम्ही दोघी. गावात तेव्हा रोज काहीतरी नवं येत होतं. बसस्टँडसमोर एसटीडीचा पिवळा बूथ आला, रुपयाला शांपूची पुडी आली, आहेरात स्टीलच्या जागी प्लास्टिकचे डबे दिसायला लागले आणि आप्पा त्या डब्यांना शिव्या द्यायला लागले. मग केबल आली. माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीच्या घरी सगळ्यात आधी आली. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही सगळ्या पोरी तिच्याकडं सिनेमा बघायला जमायचो. पुढं जे झालं ते ह्या शनिवारच्या सिनेमापायी. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडं नाही. मी पुष्कळ शोधून बघितलं.

बारकीचा डावा डोळा नाकाकडं वळलेला होता. घरात कुणी ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. मोठी झाली की जाईल, असं आई म्हणायची. पहिलीच्या बाईंनी आण्णांना बोलावून सांगितलं, की फळ्यावरचं वाचताना ही पोर मान वाकडी करते, हिला दाखवून आणा. बीडच्या एका दवाखान्यात दर शनिवारी औरंगाबादहून डोळ्यांचे डॉक्टर यायचे. ते मशीनही त्यांनीच तिथं आणून ठेवलेलं होतं. पहिल्या खेपेला आण्णांबरोबर मीही होते, त्यामुळे डॉक्टर काय म्हणाले ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. ते म्हणाले, "डोळा शाबूत आहे. पण मेंदूनं त्याचं ऐकायचं सोडून दिलंय. चष्मा द्यायचा, चांगला डोळा झाकायचा आणि ह्या डोळ्याला राबवायचं. दर आठवड्याला मशीनवर व्यायाम. आठव्या वर्षाच्या आत जमलं तर जमलं. नंतर जगातला कुठलाही डॉक्टर काही करू शकणार नाही. तुमच्याकडं दोन वर्षं आहेत."

आण्णांना दुकान सोडून दर शनिवारी जाणं शक्य नव्हतं. आईला गाडी लागायची; तेलगावला जाऊन यायचं म्हटलं तरी ती पदराला लिंबू बांधून निघायची. उरले मी. मला कुणी विचारलं नाही. "अक्का नेईल की," आण्णा म्हणाले आणि विषय संपला.

बारकीच्या चांगल्या, म्हणजे उजव्या डोळ्यावर चिकटपट्टीची चकती लावायची आणि वर चष्मा. दिवसातले सहा तास. ते सहा तास ती चाचपडत वावरायची. उंबऱ्याला ठेचकाळायची, पाटावर बसायला जायची आणि शेजारी बसायची. एकदा दुकानात रचलेल्या ताटांच्या थप्पीवर जाऊन आदळली. आप्पा आण्णांवर उखडले, "चांगल्या डोळ्याला कोंडून ठेवायचं अन् वाईटाला मोकळं सोडायचं. हे कसलं औषध रे तुमचं?" शाळेत पोरांनी तिचं नाव शुक्राचार्य ठेवलं. ते मी घरी आणलं. "शुक्राचार्य, पाणी आण," मी म्हणायचे. ती आणायची. निम्मं सांडत आणायची, पण आणायची.

गाडीत खिडकीजवळ मी बसायचे. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "अक्का, मला बसू दे की तिथं."

"तुला काय दिसणार हाय?" मी म्हणाले.

तिनं परत कधी मागितलं नाही. परळीकडून येणारी गाडी भरून यायची, उन्हानं पत्रा तापलेला असायचा आणि मी खिडकीतून बाहेर बघत त्या वेळी सिनेमात काय चाललं असेल याचा विचार करत बसायचे. दर शनिवारी माझा तिच्यावरचा राग थोडा वाढायचा. आज सांगताना लाज वाटते, पण तेव्हा मला खरोखर वाटायचं की ती मुद्दाम करते आहे.

मशीनवर एक मॅडम होत्या. तरुण, अंगानं बारीक, बोलायला गोड. व्यायाम झाला की बारकीला लिमलेटची गोळी द्यायच्या आणि मलाही द्यायच्या. त्यांनीच मला एकदा बाजूला घेऊन समजावलं, "हे बघ, पुढं कधीतरी हिला एका वस्तूच्या दोन दिसायला लागतील. घाबरायचं नाही. ते चांगलं लक्षण आहे. म्हणजे झोपलेला डोळा जागा झाला. तसं ती म्हणाली की मला लगेच सांगायचं. तिथून पुढं खरा व्यायाम सुरू होतो." मी मान हलवली. मी हुशार मुलगी होते, वर्गात पहिली यायचे, एकदा ऐकलेलं विसरत नव्हते. हेही विसरले नाही.

घरी करायचा एक व्यायाम होता. संध्याकाळी पट्टी काढायची, पेन्सिल हातभर लांब धरायची, टोकावर नजर लावायची आणि हळूहळू नाकाजवळ आणायची. आप्पांनी हे ऐकलं आणि ते एकदम खूश झाले. आमच्या घरात सगळ्यांच्या गळ्यात लिंग असतं. ते डाव्या तळहातावर घ्यायचं, डोळ्यांसमोर धरायचं आणि पापणी न हलवता त्याच्याकडं बघत राहायचं, ही आमची पूजा. आप्पा म्हणाले, "हे तर आपलंच हाय. डॉक्टरनं काय नवं सांगितलं? पेन्सिल कावून धरायची? हातात देव हाय की." त्या दिवसापासून बारकी रोज संध्याकाळी आप्पांच्या शेजारी पूजेला बसायला लागली. आण्णांनाही वाटलं, बघायचंच आहे तर काय वाईट आहे. वाईट काहीच नव्हतं. तीन-चार महिने ती रोज नेमानं बसली आणि तो डोळा रोज थोडा थोडा राबत गेला.

मग एका संध्याकाळी ती म्हणाली, "आप्पा, दोन दिसायलेत."

आप्पांना आधी वाटलं ती खेळते आहे. "नीट बघ."

"दोनच हायत. एक इथं अन् एक इथं."

आप्पांनी तिला कधी बोट लावलं नव्हतं, त्या दिवशीही लावलं नाही. ते फक्त म्हणाले, "लिंग एक असतंय, बाळा. दोन न्हाई. मन थाऱ्यावर न्हाई तुझं. एक दिसंस्तवर बस." ती बसली. आमच्या घरात पूजा झाल्याशिवाय कुणी जेवत नसे. आईनं वाढून ठेवलेली ताटं निवत चालली. आण्णा दुकान बंद करून आले आणि तेही गुमान बसले. बारकीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण विचारलं की ती दोनच म्हणायची. खोटं बोलायचं तिला सुचतच नव्हतं.

ते दोन म्हणजे काय, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मला भूक लागली होती. शिवाय मी मॅडमना सांगितलं असतं तर 'खरा व्यायाम' सुरू झाला असता, म्हणजे आणखी वर्षभर शनिवार. मी तिच्या मागं जाऊन बसले, दंडाला चिमटा काढला आणि कानात म्हणाले, "एक म्हण."

"एक," ती म्हणाली.

आप्पांचे डोळे भरून आले. त्यांनी पहिला घास स्वतःच्या हातानं तिला भरवला. ती माझ्याकडं बघत होती. तिला काय कळलं ते मला त्याच क्षणी कळलं. उत्तर डोळ्यांत नसतं, समोरच्या माणसाला जे हवं असतं ते उत्तर, असं तिला कळलं. दुसऱ्या दिवसापासून ती रोज बसल्या बसल्या 'एक' म्हणायला लागली आणि जेवणं वेळेवर व्हायला लागली.

पुढचं सोपं होतं. दवाखान्यात भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. मी तो एका शनिवारी वहीत उतरवून घेतला आणि गाडीत बारकीकडून पाठ करून घेतला. ओळीनं, पाढ्यांसारखा, चालीवर. चुकली की मांडीवर टिचकी. सगळ्यात बारीक ओळ म्हणायची नाही, वरून तिसऱ्या ओळीत एकदा अडखळायचं आणि मग बरोबर सांगायचं, हेही मीच शिकवलं. एकदम सगळं आलं तर संशय येईल, इतकी अक्कल मला होती.

मशीनचं थोडं अवघड होतं. दांडीच्या बुडाशी आकडे होते आणि सिंह कुठल्या आकड्यावर आत जायला पाहिजे ते मॅडम दर वेळी आधी लावून दाखवायच्या. मी बारकीच्या पाठीशी उभी राहायचे. दांडी त्या आकड्यावर आली की खोकायचे.

पहिल्यांदा ती गोंधळली. नळ्यांतून तोंड काढून माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "अक्का, सिंह जवळ आला की पिंजराच जातोय." मॅडम तेव्हा रजिस्टर आणायला आत गेल्या होत्या.

"सिंह आत आला म्हण."

"पण न्हाई आला."

"तुला दर शनिवारी यायचंय का इथं? पट्टी लावून हिंडायचंय का?"

"न्हाई."

"मग आला म्हण."

तिनं परत नळ्यांना डोळे लावले. मॅडम आल्या, दांडी सरकली, मी खोकले. "आला," बारकी म्हणाली. मॅडमनी टाळी वाजवली. मग दुसरी चित्रं होती. एका नळीत ससा, त्याला शेपूट आहे पण हातात फुलं नाहीत. दुसऱ्या नळीत तोच ससा, फुलं आहेत पण शेपूट नाही. दोन्ही डोळे चालत असले तर शेपूटही दिसते आणि फुलंही. "शेपूट बी हाय, फुलं बी हायत," असं मी तिच्याकडून गाडीत घोकून घेतलं होतं. तिनं ते इतक्या गोड आवाजात सांगितलं की बाकावर बसलेल्या दुसऱ्या पेशंटच्या आया कौतुकानं बघायला लागल्या.

दोन महिन्यांत आमचं काम झालं. चष्म्यामुळे डोळा दिसायला सरळ झालेला होताच. डॉक्टरांनी फाईल चाळली, तक्ता वाचून घेतला, बारकीचा गाल थोपटला. बाहेर रांग होती. पट्टी बंद, मशीन बंद, चष्मा चालू ठेवा, सहा महिन्यांनी दाखवा. मॅडम मला म्हणाल्या, "बहीण असावी तर अशी." मी लिमलेटची गोळी चघळत 'थँक यू' म्हणाले. घरी आईनं पेढे वाटले. आप्पांनी गल्लीभर सांगितलं की डॉक्टर निमित्त, डोळा पूजेनं सुधारला. सहा महिन्यांनी दाखवायला कुणी गेलं नाही. बरं झालेलं लेकरू दवाखान्यात कशाला न्यायचं?

त्या पुढच्या शनिवारी मी सिनेमाला गेले. बारकी माझ्या मागं मागं आली होती. तिला मी मैत्रिणीच्या दारातून परत पाठवलं.

तिसरी सरता सरता शाळेत डोळ्यांची तपासणी झाली. बाईंनी उजवा डोळा झाकायला सांगितला आणि बारकीला तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर सोडून काहीच वाचता आलं नाही. तो तक्ता वेगळा होता. आण्णा तिला घेऊन बीडला धावले. ते डॉक्टर यायचे बंद झाले होते, मशीनवर कापड टाकलेलं होतं. दुसऱ्या डॉक्टरनं तपासलं आणि वय विचारलं. नऊवं लागलंय, असं आण्णांनी सांगितल्यावर त्यानं लेखणी खाली ठेवली.

आण्णा घरी आले ते शिव्या देतच. डॉक्टर चोर, मशीन खोटं, ती बाई लबाड. लेकराला बरं न करताच बरं झालं म्हणून हाकलून दिलं. आमच्या घरात त्या डॉक्टरचं नाव पुढं वर्षानुवर्षं असंच निघायचं. कुणी फसवलं, की "त्या डोळ्याच्या डॉक्टरवाणी" म्हणायचे. मी जेवताना ऐकायचे आणि भाकरी पुढं सरकवायचे. त्या गोड बोलणाऱ्या मॅडमना माझ्या आईनं दिलेले तळतळाट मी मोजले नाहीत. प्रत्येक तळतळाट माझ्या ताटावरून जायचा आणि माझी भूक कधी मेली नाही.

बारकी वाढली, उंच झाली, पळायला वाऱ्यासारखी. बारावीनंतर तिनं पोलीस भरतीचं मनावर घेतलं. पहाटे उठून डांबरी रस्त्यावर पळायची. मैदानी चाचणीत निघाली, लेखीत निघाली. माझं तोवर लग्न झालेलं होतं. वैद्यकीय तपासणीच्या दिवशी मी मुद्दाम बीडला गेले. ती आत गेली आणि पाच मिनिटांत बाहेर आली. "एक डोळा बाद हाय म्हणले," एवढंच बोलली. मग म्हणाली, "त्या डॉक्टरचं वाटोळं होईल." मी तिला रसवंतीत नेऊन उसाचा रस पाजला. सांगायची वेळ ती होती. मी सांगितलं नाही.

दोन वर्षांनी तिला नांदूरघाटला दिली. स्थळं दोन-तीन मोडली होती, चष्मा काढला की डोळा वळायचा म्हणून. हे घर चांगलं होतं. कापडाचं दुकान, नवरा शांत, सासू मायाळू. मी तिला भेटायला गेले तेव्हा तिनं चहा केला. ओतताना किटलीची तोटी आधी कपाच्या काठाला टेकवायची, टेकली याची खात्री करायची आणि मगच ओतायची. कप किती लांब आहे ते तिला दिसत नव्हतं. ती ते इतक्या सवयीनं करत होती की दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. मला ते बघवेना, आणि मी बोलून बसले. सगळं सांगितलं. मॅडम काय म्हणाल्या होत्या ते, चिमटा, तक्ता, खोकणं, शनिवारचा सिनेमा. सांगत गेले तशी माझी छाती हलकी होत गेली, हे मी लपवणार नाही. मला बरं वाटत होतं.

बारकीनं ऐकून घेतलं. कपातला चहा तसाच राहिला. मग ती म्हणाली, "मला आठवतंय ते. गाडीतलं पाठांतर. मी सासूबाईला बी सांगितलंय, ह्यांना बी सांगितलंय. म्हणलं, डॉक्टर चोर निघाला पण माझ्या अक्कानं लई केलं माझ्यासाठी. दर शनिवारी सोबत यायची, गाडीत डोळ्याचा अभ्यास घ्यायची."

मी रडायला लागले.

"रडू नको," ती म्हणाली. "पण सांगितलंस कावून? डोळा तर तवाच गेलता. तेवढं एक होतं माझ्याकडं."

आतून तिच्या सासूबाईंनी विचारलं, अक्का जेवायला थांबणार आहेत का, म्हणजे भाकरी जास्तीच्या टाकते.

"न्हाई," बारकी म्हणाली, "तिची गाडी हाय आता."

माझी गाडी संध्याकाळची होती. मी पिशवी उचलली आणि स्टँडवर जाऊन बसले.